धुऱ्यावरचा लव्हा

भर रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत, आभाळ गच्च भरून आलेलं असताना, मी आमच्या धुऱ्यावरचा लव्हा मुळासकट उपटला. पाऊस येणार हे मला माहीत होतं. लव्हा काय काम करतो हेही माहीत होतं. दिघोरीत वाढून ज्याला हे माहीत नाही असा माणूस अजून जन्मायचा आहे. माहीत असून उपटला. त्यामुळे याला अडाणीपणा म्हणून सोडून देता येत नाही. हा अस्सल मूर्खपणा होता, आणि गावात तो अजून माझ्या नावानेच ओळखला जातो.

आज हे उकरून काढायचं कारण यंदाचा रोवणा. परवा सकाळी दुकान उघडायच्या आधी बांधीवर चक्कर मारायला गेलो. रस्त्यावर माझं कापडाचं दुकान आहे आणि गावामागे ही धानाची बांधी. दोन्हीकडे अर्धा असल्यामुळे मी कुठेच पुरा नाही, असं माझी बायको सुमन म्हणते. जाऊन बघतो तर काय, अलीकडे हिरवंगार धान, पलीकडे हिरवंगार धान, आणि मधला धुरा जळालेला. चांगल्या ताग्यावर कुणी तापलेली इस्त्री विसरून जावं तसा तपकिरी पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत. लव्ह्याचे ठोंब म्हाताऱ्याच्या डोक्यासारखे विरळ आणि पिवळे पडलेले. वास तणनाशकाचा. बेडूकसुद्धा त्या बाजूला ओरडत नव्हते.

प्रशांत, माझा मुलगा, खाली चिखलात उभा होता.

"हे कोनं केलं?"

"आमी केलं. मी आन् गजूदादानं." गजू म्हणजे माझ्या चुलतभावाचा, दामूदादाचा मुलगा. धुऱ्याच्या पलीकडची बांधी त्यांची. "एकाच पंपात दोघांचंही काम झालं, बाबा. धुरा साफ. आता त्याच्यावर तूर लावतो."

"मले विचारलं काहून नाही?"

"तण होतं थे. तणाले का विचारून मारतेत?"

मला राग आला की आधी कान तापतात, मग जीभ अडकते, आणि ज्या वेळी खरं बोलायचं असतं त्या वेळी तोंडातून फक्त "अबे, अबे" एवढंच निघतं. प्रशांत माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बाबा, गोळी घेतली का सकाळची?"

आता माझा राग नीट समजून घ्या. लव्हा मेला म्हणून राग, हे तर झालंच. पण खरी आग त्याच्यापेक्षा खोल आहे. आम्ही दोघा भावांनी जे एवढं भांडून, गाव गोळा करून, एकमेकांच्या सात पिढ्या उकरून केलं, ते या दोघांनी गोडीगुलाबीनं, चहा पीत, एकाच पंपात उरकलं. भांडण नाही, तंटा नाही. नासधूस करायची तर तिला काही इभ्रत असावी की नाही?

लव्हा म्हणजे काही चंदन नव्हे. पुस्तकातली माणसं त्याला लव्हाळा म्हणतात. ठोंबाठोंबानं वाढतो, गुडघ्याच्या वर येतो आणि तिथंच समाधान मानतो. लहानपणी आमचा एक खेळ असे. डोळे मिटायचे, समोरचा हातात एक काडी देणार, आणि ती बोटांत फिरवून सांगायचं काय आहे ते. धानाची काडी गोल, सरसर फिरते. लव्ह्याची काडी अडते, कारण तिला तीन धारा असतात. दामूदादा माझ्याहून मोठा. तो कधी चुकायचा नाही. मी चुकलो की तो तीच काडी माझ्या कानात घालायचा. पावसाळा उतरणीला लागला की लव्ह्याला तपकिरी तुरे येतात, तंबाखूच्या चुऱ्यासारखे. गुरं तो खातात, पण पाहुण्याकडची नावडती भाजी खावी तसा, मान खाली घालून. उन्हाळ्यात तो पार वाळतो. मेला वाटतो. आणि मिरगाचा एक शिडकावा झाला की बुडातून हिरवं बोट वर काढून विचारतो, काय चाललंय?

कुणी त्याला पेरत नाही, पाणी घालत नाही. तो मात्र धुरा धरून ठेवतो. आमच्याकडे धान पिकवणं म्हणजे पाणी अडवून धरणं. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा काठ असलेलं ताट, आणि हा काठ म्हणजे धुरा. काठ फुटला की वरण पलीकडे. खेकडे त्याला भोकं पाडतात, पाऊस झिजवतो, माणसं वरून चालतात, बैल मुद्दाम कडेनं चालतात. या सगळ्यांतून तो उभा राहतो तो लव्ह्याच्या मुळांवर. काळी, केसांसारखी, एकमेकांत गुंतलेली मुळं.

त्या पावसाळ्यात माझ्या डोळ्यांना हे काही दिसत नव्हतं. मला फक्त हद्द दिसत होती.

तो काळच हद्दींचा. जिल्हा नुकता फुटलेला. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला आणि माझी सासुरवाडी, अर्जुनीकडची, एका सकाळी उठून दुसऱ्या जिल्ह्यात गेली. सुमन तेव्हा म्हणायची, "आता मी परजिल्ह्याची हाये. जरा मानानं बोलत जा." चहाच्या टपरीवर कोणता तालुका कुठं गेला, कुणाची कचेरी कुठं, यावर माणसं एवढी तावातावानं बोलायची की चहा त्यांच्या हातातच गार व्हायचा. वाटणीचा एक चळच लागला होता सगळ्यांना. सरकार एवढा मोठा जिल्हा वाटू शकते तर आपण एक बांधी का वाटू नये?

आमचे वडील सख्खे भाऊ, दोघेही तोवर गेलेले. जमीन एकत्र होती. त्याच वर्षी आम्हीही वाटून घेतली. वरची बांधी दादाला, खालची मला, मधला धुरा दोघांचा. "मधला धुरा दोघांचा" हे वाक्य ज्या माणसानं जगात पहिल्यांदा उच्चारलं, त्याला सख्खा किंवा चुलत, कुठलाच भाऊ नसावा.

वाटणीच्या दिवशी धुऱ्याच्या मध्यावर खैराची एक खुंटी ठोकली. लव्ह्याची रांग तेव्हा खुंटीच्या पलीकडे, दादाच्या अंगाला होती. हे मला पक्कं आठवतं, कारण मी मुद्दाम बघून ठेवलं होतं. पुढच्या पावसाळ्यात रांग खुंटीला टेकली. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ती खुंटी ओलांडून माझ्या अंगाला आली.

आता जाणत्या माणसाला इथं एकच गोष्ट सुचते. दरवर्षी चिखलणीच्या वेळी धुऱ्याची कड फावड्यानं तासतात आणि तिच्यावर ओला चिखल लिंपतात. एका बाजूनं जरा जास्त तासलं, दुसऱ्या बाजूला जरा जास्त लिंपलं, असं चार वर्षं केलं की धुरा कुणाला न सांगता सरकतो. आमच्या भागातली निम्मी भांडणं याच तासण्या-लिंपण्यातून उगवलेली. मला वाटलं, दादा धुरा माझ्याकडे ढकलतोय, आणि लव्हा त्याच्यासोबत आला.

"दादा, लव्हा सरकून राहिला," मी म्हणालो. तो बैलांना पाण्यावर नेत होता.

"सरकू दे ना. त्याले का रेशनकार्ड बदलाव लागते?"

"माह्या बाजूले सरकून राहिला."

"मंग चांगलंच हाये. तुह्याकडं हिरवळ."

"म्हंजे धुरा सरकला. म्हंजे कोनीतरी सरकवला."

दादा थांबला. बैल थांबले. दादाचा राग माझ्यासारखा बोबडा नव्हता. तो सावकाश, जेवणाआधी हात धुवावेत तसा यायचा. "वसंता," तो म्हणाला, "माह्यापाशी बैलाइले पानी पाजाले टाइम नाई, आन् मी लव्हा हलवत बसू? तू कापड मोजत जा. तिथं तुहा हात चांगला सरकते."

हा घाव वर्मी बसला, कारण त्यात थोडं तथ्य होतं. गजावर कापड मोजताना अंगठा किती पुढे घ्यायचा हे प्रत्येक दुकानदाराला ठाऊक असतं. पण खरं बोलणाऱ्यावर जेवढा राग येतो तेवढा खोटं बोलणाऱ्यावर येत नाही. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.

आमच्या बायकांचं मात्र सुरू. रोवण्यात सुमन आणि दादाची बायको, कौशल्या वहिनी, एकाच रांगेत, शेजारी शेजारी, कमरेत वाकून. एका हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची पेंडी, दुसऱ्या हाताची बोटं चिखलात टपटप. आज त्या चिखलाचा वास आठवला की जीव हळवा होतो. तेव्हा त्याच वासानं माझं डोकं उठत होतं. दोघी मिळून गाणी म्हणायच्या, आणि गाण्याच्या मधल्या फटीत आमच्याबद्दल बोलून हसायच्या. ज्याच्यावर रागावलो त्याची बायको आपल्या बायकोशी हसतेय, याच्यासारखा अपमान नाही.

तर त्या सकाळी, दोन्ही बांध्यांत रोवणा संपत आला असताना, मी धोतर खोचलं आणि धुऱ्यावर चढलो. ना राहील लव्हा, ना सरकेल हद्द. पहिला ठोंब दोन्ही हातांनी धरून ओढला. काही झालं नाही. पुन्हा ओढला. पाय रोवून ओढला, तेव्हा आतून कुठून तरी फाटल्यासारखा आवाज आला आणि दाढ निघावी तसा तो ठोंब हातात आला. खाली काळ्या मुळांचं जटाधारी डोकं, त्यातून लोंबणारी दोन गांडुळं. मला मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं.

दादा पलीकडून धावत आला. "काय करून राहिला बे?"

"दिसत नाई? धुरा साफ करून राहिलो."

"अर्धा माहा हाये!"

"मंग ने तुहा अर्धा!"

माझी अपेक्षा होती की तो माझा हात धरील. शेतीतला शहाणा होता तो. त्यानं हात धरावा, मी झिडकारावा, चार माणसांनी मधे पडावं, आणि लव्हा वाचावा, अशीच या भांडणांची रीत आहे. पण दादानं हातावर थुंकून हात चोळले, धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि तिकडून उपटायला लागला. "माह्या वाट्याचा मी उपटीन! तू कोन उपटनारा?"

झालं. दोन टोकांकडून दोन भाऊ. त्यानं एक काढला की मी एक. तो जोरात, मी त्याहून जोरात. लव्हा वाचवायचा हक्क कुणालाच नको होता. उपटायचा हक्क मात्र दोघांनाही पाहिजे होता. चिखलातल्या बायका कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अहो, आभाळ पाहा वरतं!" सुमन ओरडली.

"राहू दे सुमन," वहिनी म्हणाली. "जमीन वाटली, भांडे वाटले, अक्कल तेवढी वाटाची राहूनच गेली."

शेवटचा ठोंब बरोबर खुंटीपाशी होता. दोघांनी मिळून धरला, त्यानं त्याच्याकडून, मी माझ्याकडून, आणि ओढला. तो मधोमध फाटला. अर्धा ठोंब घेऊन दादा त्याच्या बांधीत पाठीवर पडला, अर्धा घेऊन मी माझ्या. एवढी अचूक वाटणी आमच्या घराण्यात त्याआधी झाली नाही, त्यानंतरही नाही.

दुपारी पाऊस आला. आमच्याकडचा पाऊस नाटकातल्या राजासारखा ललकारी देत येत नाही. तो तलावाच्या बाजूनं पांढरा पडदा होऊन चालत येतो आणि अंगावर आल्यावरच कळतो. वरच्या बांधीत पाणी चढलं. जिथं जिथं ठोंब होता तिथं तिथं दात काढल्यासारखा खड्डा होता, आणि प्रत्येक खड्ड्यातून पाण्याची एकेक धार निघाली. मग दोन धारा एक झाल्या. मग धुऱ्याचा एक मोठा तुकडा, वर उभ्या खुंटीसकट, निवांत बसला आणि निघून गेला. दादाचं पाणी, दादाच्या बांधीतली माती, सकाळीच रोवलेलं दादाचं धान माझ्या धानावरून असं धावलं की दोन्ही घरांचं वर्ष पलीकडच्या नाल्याकडे जाताना मी उघड्या डोळ्यांनी बघितलं.

दादा धावत आला, मी धावत गेलो. बोलणं बंद होतं, पण शिव्या बोलण्यात मोजत नाहीत.

"बस!" दादा ओरडला.

"कुठं?"

"खिंडारात बस! एवढं वजन कायले कमावलं?"

मी बसलो. पाठीवर वरच्या बांधीचं पाणी, मांडीखाली वाहती माती, आणि दादा माझ्या दोन्ही बाजूंनी, काखेतून, पाठीमागून, सकाळी उपटलेले तेच लव्ह्याचे ठोंब मातीसकट कोंबतोय, वरून पायानं तुडवतोय. हाताशी ठोंब कमी पडले तेव्हा दोन्ही बायका दूर फेकलेले ठोंब आपापल्या पदरातून आणून द्यायला लागल्या. मी गावाच्या उपयोगी पडलो तो आयुष्यात एवढाच प्रसंग, आणि तोही बसून. अंधार पडायच्या आत पाणी थांबलं. तोवर बांधीत राखण्यासारखं थोडंच उरलं होतं.

गावात कुणाकडे उरलेले पऱ्हे मागून आणले, उशिरा रोवले, त्याला पळिंजासारखे पोकळ दाणे आले. त्या वर्षी दिघोरीच्या दोन धानवाल्या घरांनी बाजारातून तांदूळ आणला. हे ज्याला लाजिरवाणं वाटत नाही त्याला आमचा भाग समजायचा नाही. दुकानदार हसून विचारायचा, "काहून जी, कापडाचा भात होत नाई का?" मी पिशवी खांद्यावर टाकून मागच्या गल्लीनं घरी यायचो. मागच्या गल्लीत एकदा दादा भेटला, त्याच्याही खांद्यावर पिशवी. दोघांनीही आपापली पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि पुढे गेलो.

पुढल्या मिरगात आम्ही तुडवलेल्या त्या ठोंबांतून हिरवी बोटं वर आली. बघता बघता रांग उभी राहिली. आणि आणखी एक पावसाळा सरला तेव्हा ती रांग, कुणी तासलं नाही, कुणी लिंपलं नाही, आपसूक माझ्या बाजूला सरकायला लागली. दादाची बांधी वरची, मुरमाड, लवकर सुकणारी. माझी खोलगट, तिच्यात धान निघून लाखोळीची डाळ पेरेपर्यंत ओल टिकते. लव्ह्याचा ठोंब कोरड्या बाजूनं मरत जातो आणि ओल्या बाजूला नवे कोंब टाकत जातो. चालतो तो. त्याला ना दादानं ढकललं होतं, ना त्यानं खुंटी वाचली होती.

दादा धुऱ्यावर येऊन उभा राहिला. "आता सांग, कोन सरकवते?"

"लव्हा," मी म्हणालो.

"मंग लव्ह्यावर केस टाक."

त्या दिवशी मला जो राग आला तो आजवरच्या सगळ्या रागांत वाईट. राग ठेवायला एक माणूस लागतो. माणूस मिळाला की राग बसून राहतो, जेवतो-खातो, म्हातारा होतो. पण गवतावर कुणी किती रागवावं? तो राग घर शोधत माझ्याकडेच परत आला आणि अजून पाहुणचार घेतो आहे. आम्ही पुन्हा बोलायला लागलो, पण गोड कधीच झालो नाही. दोघांचंही धान चांगलं आलं की एकमेकांच्या धानाला नावं ठेवायचो. खुंटी मात्र पुन्हा कुणी ठोकली नाही.

लाखोळी फुलावर होती तेव्हा दादा गेला. त्यालाही आता बरेच हंगाम झाले. मी फार रडलो नाही. मला त्याचा रागच आला होता, भांडणं अर्धी टाकून गेल्याबद्दल. पण धुऱ्यावर गेलो की ती रांग दिसायची. आम्ही दोघांनी मिळून आयुष्यात केलेलं काम एवढं एकच: तो कोंबत होता, मी बसलो होतो. ती रांग यंदा पोरांनी जाळली, आणि वरून विचारतात, तणाला विचारून मारतात का?

परवा तणतणत मी दादाच्या घरी गेलो. वहिनी ओसरीवर अंबाडीची पानं खुडत बसली होती. आता ती कमरेत वाकली आहे, पण जीभ सरळच आहे. मी दहा मिनिटं बोललो असेन. आजची पोरं, आजचे पंप, आजची औषधं. मुळं कुजली की धुरा भुसभुशीत होईल, भादव्याच्या पावसात पुन्हा फुटेल, दोन्ही बांध्या जातील, हे सगळं मी तिला हात उडवून सांगितलं.

"तुमी दोघं हातानं उपटून राहिले होते," वहिनी पानं खुडतच म्हणाली, "पोराइनं पंपानं मारलं. पोरं हुशार हायेत, भाऊजी. त्याइची कंबर धरली नाई."

मी उठलो. दुकान सुमनवर टाकलं, आणि तलावाच्या काठावरून लव्ह्याचे ठोंब खणून पोत्यात भरून आणले. कालचा अख्खा दिवस धुऱ्यावर होतो. भुरभुर पाऊस, समोर बगळे, बोटांना तीन धारांच्या काड्या कापत होत्या. एक ठोंब, एक मूठ चिखल, एक लाथ. प्रशांत आणि गजू दुरून बघत होते. ते बहुतेक डॉक्टरला बोलवावं का याचा विचार करत असावेत. दादा असता तर म्हणाला असता, वसंता, तुडवतो का गोंजारतो? मी म्हणालो असतो, तू खाली ये आन् तूच तुडव. अर्धा दिवस मी असा एकटाच भांडत होतो आणि, खरं सांगायचं तर, बऱ्याच वर्षांनी मला बरं वाटत होतं.

संध्याकाळी रांग पुरी होत आली. कंबर सरळ होईना. वर बघतो तर डोक्यावर मेणकापड घेऊन कौशल्या वहिनी पलीकडे उभी. तिनं रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पाहिली. तिचे डोळे भरल्यासारखे वाटले, मग लक्षात आलं की पाऊस होता.

"तुमचे दादा खरंच सांगत होते, भाऊजी."

शेवटचा ठोंब माझ्या हातात तसाच राहिला. "काय सांगत होता दादा?"

"वसंता बोंबलते मोठ्यानं आन् सरकवते हळूच. पाहा, अर्धी रांग माह्या बांधीत आली. उपटा."